देवाला विचारलेलं तेल

“पंखो खय गेलो हिचो?” दाजीकाकांनी विचारलं. विचारताना ते वाळूत पालथे पडले होते आणि त्यांचं डोकं बोटीखाली होतं, त्यामुळे प्रश्न नेमका कोणाला आहे ते कळायला मार्ग नव्हता.

बोटीचा मालक मिनिन माझ्याकडे बघून हसला. गोव्यात शापोरा नदीच्या काठी त्याचं छोटंसं हॉटेल होतं, आणि पाहुण्यांना फिरवायला त्याने ही जेट बोट ठेवली होती. आता हॉटेल मुलाच्या हातात गेलं होतं. मुलाला बोटीचा कंटाळा, म्हणून वर्षभर ती माडाखाली उभी होती आणि आता विकायला काढली होती. पांढरी बोट, दोन्ही अंगांना लाल पट्टा. उन्हाकडच्या बाजूचा पट्टा उडून गुलाबी झालेला. मी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि मला हसूच यायला लागलं. का ते सांगता येणार नाही. काही माणसांना दागिन्यांच्या दुकानात गेलं की असं होतं म्हणतात.

काका कपड्यांवरची वाळू झटकत बाहेर आले. त्यांनी मला आणि त्यांच्या मुलाला, गुरुनाथला, माडापलीकडे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं की हा माणूस लबाड आहे, पंखा त्याने आधीच काढून दुसऱ्याला विकलाय. उभा जन्म मालवणच्या दर्यावर तांडेल म्हणून होड्या हाकलेले माझे काका. होडीच्या मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो, हे त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. मी त्यांना गावातून निघाल्यापासून सांगत होते की ह्या बोटीला पंखा बाहेर नसतोच. ते मान डोलवत होते, पण ऐकत नव्हते.

शेवटी मिनिनने झाडांना पाणी घालायचा पाइप उचलला, तोंडावर अंगठा दाबला आणि पाण्याची धार सोडली. ती थेट काकांच्या अंगावर गेली. तो घाईघाईने सांगायला लागला की खालून पाणी ओढून घ्यायचं, आत दाबायचं आणि मागून जोरात फेकायचं, की बोट पुढे जाते. भिजलेले काका वाकले. त्यांनी बोटीचं मागचं भोक पाहिलं, पुन्हा खालची जाळी पाहिली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“म्हणजे ही माकूल,” ते म्हणाले.

माकूल, म्हणजे स्क्विड, समुद्रात तशीच पळते, पोटात पाणी घेऊन मागे फेकत. जाळ्यात आलेल्या माकलांच्या चुळा काकांनी आयुष्यभर तोंडावर झेलल्या होत्या. त्या एका शब्दानंतर त्यांचं आणि मिनिनचं जे जमलं, ते बघून मला हेवा वाटला. मी दोन तास इंग्रजी शब्दांची चटणी वाटत बसले होते.

मग बोट पाण्यात गेली. आधी मिनिनने चालवली. मग नदीच्या मध्यावर आल्यावर त्याने मला खूण केली आणि चाक माझ्या हातात दिलं. मी वेग वाढवला. आमच्या खाडीत जिथे होड्यांचे पंखे वाळूत रुततात तितक्याच उथळ पाण्यावरून ती सरसर गेली. मिनिनने ओरडून सांगितलं म्हणून मी चाक एका बाजूला पूर्ण फिरवलं, तर ती जागच्या जागी गर्रकन वळली आणि पाण्याचा पडदा आमच्या डोक्यावरून गेला. काकांची टोपी उडाली. ती परत आणायला चला असं ते म्हणाले नाहीत, “आजून एकदा फिरव” म्हणाले. मी अजून तीनदा फिरवली. मी मोठ्याने हसत होते, मिनिन हसत होता, काका रवळनाथाचं नाव घेत हसत होते. गुरुनाथ तेवढा बोटीच्या तळाला बसला होता आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

गुरुनाथचं सांगायला हवं. तांडेलाच्या पोटी जन्म घेऊन ह्या मुलाला बोट लागायची. त्याच वर्षी आम्ही दोघे बोट चालवायच्या परवान्याच्या परीक्षेला बसलो होतो. मी पास झाले. तो परीक्षकाच्या बुटांवर ओकला. घरी त्याने सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली, आणि मीही तेच सांगितलं, कारण तो मला सख्ख्या भावासारखा होता आणि काकांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मी तेव्हा मालवणातल्या एका लॉजच्या काउंटरवर बसत होते. रोज पाहुणे विचारायचे, डॉल्फिन कुठे दिसतात, खाडीत कोण फिरवतं, आणि मी त्यांना दुसऱ्यांचे फोन नंबर लिहून द्यायची. त्या दिवशी चाक हातात आल्यावर माझं ठरलं. मला ती बोट हवी होती, आणि ती मलाच चालवायची होती. दुसरं काहीही मला नको होतं.

व्यवहार निम्मा माझ्या साठवलेल्या पगारातून आणि निम्मा काकांच्या पैशातून होणार होता. माझे बाबा गेल्यापासून आमच्या दोन्ही घरांत शेवटचा शब्द काकांचा होता. त्यांनी मिनिनच्या हातात हात दिला आणि मग माझ्याकडे वळले.

“वैजू, होडी घेतलंव. पण तांडेल गुरुनाथ. तू तिकिटा फाड, गिऱ्हायका बघ, सगळा कर. चाक चेडवाच्या हातात दिलंय तर गाव माझ्या तोंडात शेण घालतला.”

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी हो म्हटलं. त्या क्षणी नाही म्हटलं असतं तर बोट माडाखालीच राहिली असती. गुरुनाथ माझ्याकडे बघत होता. बापाने त्याला राज्य दिलं होतं आणि त्याला ते नको होतं, हे त्याच्या हिरव्या पडलेल्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण काकांनी ते वाचलं नाही.

निघताना मिनिनने मला थांबवलं. “बाय, एक आयक. वर्सभर उबी आसा, पयलीं तेल बदल. दर्याच्या फोर स्ट्रोक इंजिनाचें, टेन डब्ल्यू फॉर्टी. ट्रॉलराचें दाट तेल हिका घालूं नाका. हें इंजिन चलना, धांवता. दाट तेल वयर पावचे आदीं तें रडपाक लागतलें.”

मी येतानाच म्हापशात थांबून त्या तेलाचा डबा घेतला आणि तो मांडीवर ठेवून गावापर्यंत आले. मागे टेंपोला जोडलेल्या गाड्यावर बोट डुलत येत होती.

खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. बोट आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उतरली, आतलं जुनं तेल काढून टाकलं, आणि नवं तेल कोणतं ह्यावर सगळा गाव जमला. आमच्याकडे मुलीच्या लग्नात इतकी माणसं इतकी मतं देत नाहीत. ज्यांच्या होड्यांना छोटी इंजिनं होती ते म्हणाले, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, वेगळं घालायचंच कशाला. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरने सांगितलं की एसटीचं तेल कधी कोणाला बाधलं नाही. माझ्या चुलतीने खोबरेल सुचवलं. ती चेष्टा करत होती की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि काका. काकांकडे ट्रॉलरच्या काळातलं चाळीस नंबरचं तेल होतं, काळ्या डब्यात. त्या तेलावर ते एकदा वादळातून परत आले होते, आणि ते वादळ आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातल्या लाटा आम्हाला पाठ होत्या. त्यांनी माझ्या डब्यात बोट बुडवलं, दोन बोटांत तेल चोळलं आणि सगळ्यांना दाखवलं.

“ह्या तेल? ह्या तर सोलकढी.”

मी इंजिनाच्या तेलाचं झाकण काढून त्यावरचे आकडे दाखवले. काका म्हणाले, विकणारा झाकण पाहिजे तसं बसवून देतो. मी म्हटलं, हे इंजिन सतत वरच्या वेगाने धावतं, जाड तेल वेळेवर वर चढणार नाही. ते म्हणाले, त्यांचं तेल आजवर सगळीकडे चढलंय. मी त्यांचं तेल घालू देईना, ते माझं घालू देईनात. इंजिन कोरडं ठणठणीत, आणि त्याच्या एका बाजूला माझा डबा, दुसऱ्या बाजूला त्यांचा. दिवाळी तोंडावर आली, लॉजमध्ये पाहुणे यायला लागले, आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून त्या बोटीची राखण करत होतो, एकमेकांपासून. चुलती दोघांना तिथेच चहा आणून द्यायची आणि दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची.

मला तेव्हा झोप येत नव्हती. चाक तर गेलंच होतं. निदान बोट तरी धडधाकट राहावी, खाडीतून जाताना काठावरून बघायला मिळावी, एवढ्यावर मी आले होते. पण त्या काळ्या डब्यातलं तेल पडलं असतं तर तेही उरलं नसतं.

शेवटी काकाच म्हणाले, “देवाक विचारूया.”

आमच्या गावात लग्न जमवण्यापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं रवळनाथाला विचारलं जातं. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओली पाकळी लावतो, घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळी हकीगत देवासमोर मोठ्याने सांगतो, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. तेल कोणतं घालावं हे मात्र देवाला पहिल्यांदाच विचारलं जात होतं. त्यामुळे सकाळी देवळात जत्रेसारखी गर्दी झाली.

भिवा गुरवाने पाकळ्या लावल्या. काकांनी हात जोडले आणि त्यांचा तो दर्यावर हाका मारून कमावलेला आवाज सोडला.

“बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आज तुझ्या लेकरांनी एक होडी घराक हाडल्यानी हा. गुरुनाथ दाजीबा कुबल ती घेऊन पाणयार जातलो हा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या माझ्या डब्यातला तेल, जेच्यार माझो ट्रॉलर चललो, ताच हिका मानावतला काय? मानावतला तर उजवो कौल दी.”

“व्हय म्हाराजा.”

मीही म्हटलं. देवळात तोंड मिटून कसं बसणार. पाकळी थोडी हलली, आणि टपकन उजवीकडची खाली आली.

काकांनी विजय मिरवला नाही, तेवढे ते मोठे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चल, डबा उघडूया. लोक उठायला लागले. मी मात्र जागेवरच होते. मला त्या देवाचा राग आला होता, आणि देवाचा राग आल्याची भीतीही वाटत होती, आणि दोन्हींच्या मधून काहीतरी सुचलं.

“काका,” मी म्हटलं, “होडयेक पंखो नाय, ता देवाक सांगलास?”

काका थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, देवळात तर नाहीच. “सांगूक नाय,” ते म्हणाले.

मी भिवा गुरवाकडे पाहिलं. भिवा कधीच कोणाची बाजू घेत नसे. दोन्ही बाजूंचे नारळ त्याच्याकडेच यायचे. तो म्हणाला, अर्धं सांगितलं की देव अर्ध्याचंच उत्तर देतो. गेल्या वर्षी एकाने विहिरीला पाणी लागेल का एवढंच विचारलं, कोणाच्या विहिरीला ते सांगितलं नाही, आणि पाणी शेजाऱ्याला लागलं. लोक पुन्हा खाली बसले. अशी सकाळ कोणाला सोडायची नव्हती.

काकांचा चेहरा पडला. आपण देवाला अपुरी माहिती दिली हे त्यांना फार लागलं. देवाने ट्रॉलर समजून उत्तर दिलं होतं, बिचाऱ्याला माकूल माहीतच नव्हती. ते पुन्हा हात जोडून उभे राहिले. पंख्यापर्यंत नीट आले, मग इंजिनापाशी अडखळले, आणि टेन डब्ल्यूच्या जागी काहीतरी असं बोलले की मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्यांनी हात सोडले.

“ती नावा माझ्या तोंडात बसनत नाय. वैजू, गाऱ्हाणा तूच घाल.”

देवळातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाईने तिथे गाऱ्हाणं घातल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. काकांनी भिवाकडे पाहिलं. भिवाने नव्या पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाला लावल्या आणि म्हणाला, “तोंड कोणाचा ता देव बघणा नाय. सगळा सांगा म्हणजे झाला.”

मी उभी राहिले. पहिलं वाक्य कसंबसं निघालं, आणि मागून ‘व्हय म्हाराजा’ आलं, तसा मला धीर आला. काय गंमत असते त्या शब्दांत, एकदा त्यांनी उचललं की माणूस खाली पडत नाही.

“ही होडी होडयेसारखी नाय हा, म्हाराजा. हिका पंखो नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“ही माकूल. पोटातसून पाणी ओढता आणि पाठसून फेकता.”

“व्हय म्हाराजा.” आता आवाज वाढला होता. पोरं खांबांना टेकून ओरडत होती.

“हिचा इंजिन ट्रॉलराचा नाय. फोर स्ट्रोक आसा, पेट्रोलचा आसा, सदांच धावता.”

“व्हय म्हाराजा.”

“हिचा तेल पेट्रोलात मिसळूचा नाय. खोबरेल तर घालूचाच नाय.”

“व्हय म्हाराजा,” आणि बायकांमध्ये हशा पिकला. चुलतीने पदर तोंडाला लावला.

“दर्याच्या इंजिनाचा तेल, टेन डब्ल्यू फॉर्टी, ह्या माझ्या डब्यातला, ता हिका घालूचा हा.”

“व्हय म्हाराजा.” सगळं देऊळ घुमत होतं. माझ्या अंगात ते चाक पुन्हा आलं होतं. शब्द आपोआप पुढे जात होते, आणि आता गुरुनाथच्या नावाची जागा आली. ते नाव घेऊन मोकळं व्हायचं होतं, तसं मी मनाशी ठरवलंही होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो काकांच्या मागे उभा होता. हात देवाला जोडलेले, आणि मान मात्र माझ्याकडे बघून हळूहळू, अगदी काकुळतीने, नाही नाही अशी हलत होती.

“आणि ही होडी घेऊन पाणयार जातला वैजयंती यशवंत कुबल.”

“व्हय म्हाराजा,” गावाने एका सुरात म्हटलं.

मग आपण काय म्हटलं ते एकेकाच्या लक्षात यायला लागलं. आवाज पुढून मागे विरत गेला. देवासमोर दिलेला होकार, तो परत कसा घेणार. सगळे काकांकडे बघत होते. एकट्या काकांनी उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता बोट, तेल, चाक, सगळंच गेलं. मी पुढचं वाक्य विसरले.

“थांबलंस कित्याक?” काका म्हणाले. “राखणेचा मागूक नाय हा आजून.”

मग त्यांनीच पुन्हा हात जोडले. ह्या वेळी त्यांचा तो दर्यावरचा आवाज नव्हता.

“बा देवा म्हाराजा,” ते म्हणाले, “ह्या आमचा चेडू दर्यार जाता हा. तेका सांभाळ.”

सगळ्यांच्या आधी गुरुनाथ ओरडला, “व्हय म्हाराजा,” इतक्या जोरात की कळसावरचे पारवे उडाले. त्याच्या मागून सगळा गाव. त्यांच्यात माझा आवाज नव्हता. मी हसत होते, आणि हसणं थांबवलं असतं तर रडले असते, म्हणून हसतच राहिले. काका डोळे मिटून उभे होते.

बऱ्याच वेळाने भिवाने वाकून पाषाणाकडे पाहिलं. उजवी पाकळी केव्हाच पडली होती, कोणी पाहिलंच नव्हतं.